एकोणीस वर्षांच्या बाई

साल १८८७, नोव्हेंबर अर्धा सरलेला. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लूप नदीच्या खोऱ्यात, उजाडायला अजून बराच वेळ आहे आणि तू जागी झाली आहेस. पलंग तुझ्या एकटीचा नाही. घरमालकाच्या दोन मुली दोन्ही बाजूंनी तुला बिलगून झोपल्या आहेत. टांगलेल्या चादरीच्या पलीकडे त्यांचे आईबाप आणि तान्हं मूल. सगळ्या घराची मिळून ही एकच खोली. डोक्यावर मलमलीचं कापड ताणून ठोकलंय, कारण वरचं माळवद गवताळ मातीचं आहे आणि त्यातून माती, उंदीर, उन्हाळ्यात एखादा सापसुद्धा खाली येतो.

तू एकोणीस वर्षांची आहेस आणि इथल्या शाळेची बाई आहेस. राहणं-जेवण आळीपाळीने पालकांच्या घरी. ज्याची मुलं जास्त, त्याच्याकडे जास्त दिवस. म्हणजे दर काही आठवड्यांनी नवी चूल, नवी अंथरुणं, नवी भांडणं ऐकून न ऐकल्यासारखी करायची. लॉरा इंगल्स वाइल्डर ही डाकोटातली मुलगी सोळाच्या आसपास अशाच एका शाळेवर शिकवायला गेली. साठ वर्षांनी तिने त्यावर पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकातली घरमालकीण एका रात्री हातात सुरी घेऊन उभी राहते, कारण या ओसाड माळावर तिला राहायचंच नसतं. तुझी सध्याची घरमालकीण प्रेमळ आहे. पुढची कशी असेल, ते तू मनात येऊ देत नाहीस.

बूट चाचपून घाल. चरबीच्या रिकाम्या डब्यात पाव आणि काकवी आहे, तो उचल. शाळा सव्वा मैलावर आहे आणि मुलं यायच्या आधी स्टोव्ह पेटलेला हवा. तो पेटवणं तुझं काम. झाडलोट तुझी, विहिरीवरून पाण्याची बादली आणणंही तुझंच.

बाहेर झाड म्हणून नाही. वाट म्हणजे गवतात उमटलेल्या गाडीच्या दोन चाकोऱ्या. डावीकडे गवत, उजवीकडे गवत, पुढे क्षितिजापर्यंत गवत, आणि वारा कधीच थांबत नाही. इथे नव्याने आलेल्या बायका पहिल्या वर्षी त्या वाऱ्यानेच रडकुंडीला येतात. तुला त्याची सवय आहे. तुझ्या बापाने आयोवा सोडून दोन परगणे पलीकडे जमीन घेतली, तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळते, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहायचं आणि ती कसायची. एवढीच म्हणायला सोपं. तुझ्या घरात अजून कर्ज आहे, धाकटी भावंडं आहेत, आणि तुझ्या पगारातला मोठा वाटा तिकडे जातो.

शाळा दिसते ती जमिनीलाच आलेल्या उंचवट्यासारखी. लाकूड रेल्वेने यावं लागतं, पैसे पडतात, माती फुकट. खास नांगराने गवताची जमीन मुळांसकट कापायची, तीन फूट लांब, एक फूट रुंद, चार इंच जाड अशा लाद्या करायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून एकावर एक रचत जायचं. मुळांनी माती इतकी घट्ट धरलेली असते की दोन-अडीच फूट जाडीची भिंत वर्षानुवर्षं उभी राहते. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. पाऊस आला की मात्र छप्पर दोन-दोन दिवस गळत राहतं आणि पाट्यांवर चिखल पडतो.

ही शाळा नेमकी इथेच का, याचं उत्तर तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी कागदावर लिहिलं गेलंय. १७८५ च्या जमीन-कायद्याने सगळा पश्चिम मुलूख सहा मैल गुणिले सहा मैल अशा चौकोनांत आखला. प्रत्येक चौकोनाचे छत्तीस तुकडे केले आणि सोळाव्या क्रमांकाचा तुकडा शाळांसाठी राखला. नेब्रास्काला सोळा आणि छत्तीस असे दोन तुकडे मिळाले. माणूस पोचायच्या आधी शाळेची जमीन ठरलेली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पण त्याच कागदाने जमीन कोणाची होती हे पुसूनही टाकलं. या नदीकाठी पॉनी लोकांची गावं होती, मका आणि भोपळ्याची शेतं होती. १८७० च्या दशकाच्या मध्यावर त्यांना दक्षिणेकडे, इंडियन टेरिटरीत जावं लागलं. त्यांची जागा होती त्या जिनोआ गावी, याच नदीच्या खालच्या अंगाला, १८८४ मध्ये सरकारने एक निवासी शाळा उघडली. दूरदूरच्या जमातींची मुलं तिथे आणली जातात, त्यांचे केस कापले जातात, आपली भाषा बोललं की शिक्षा होते. तिथेही तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारखीच प्रमाणपत्रं मिळवलेल्या बाई शिकवतात. तुला ती शाळा ऐकून माहीत आहे आणि तू तिच्याबद्दल फारसा विचार केलेला नाहीस. मी तुला तिथे नेत नाही, पण ती शाळा याच पाण्यावर आहे, एवढं तुझ्या कानावर घालून ठेवते.

कुलूप नाही, कडी आहे. ती काढ. आत गारठा बाहेरच्याइतकाच. स्टोव्हजवळच्या खोक्यात बघ काय शिल्लक आहे: मक्याची सोललेली कणसं, पीळ देऊन गाठ मारलेल्या वाळल्या गवताच्या जुड्या, आणि गोवऱ्या. गोवऱ्या गाईगुरांच्या. रानगव्यांच्या गोवऱ्या वेचायचे दिवस संपले, कारण गवेच मारून संपवले. गवताची जुडी भुर्रकन जळते, म्हणून एक मूल सतत स्टोव्हपाशी बसवावं लागतं. कोळसा? तो समितीने कबूल केलाय. पुढच्या फेरीला येईल.

समिती म्हणजे तीन शेतकरी: डायरेक्टर, मॉडरेटर आणि खजिनदार. तुझा पगार महिन्याला पंचवीस डॉलर. याच कामाला पुरुष मास्तर असता तर त्याला जास्त मिळाले असते, हे त्या तिघांना माहीत आहे आणि तुलाही. तुला घेतलंय त्याचं निम्मं कारण तेच. महिना भरला की पैसे हातात पडत नाहीत. एक ऑर्डर लिहून घ्यायची, तिच्यावर अधिकाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मग ती खजिनदाराकडे न्यायची. तिघांची घरं तीन दिशांना. सह्या गोळा करत माळावर चालायचं ते बाईंनीच.

अशा मुली इथवर येण्याची वाट आधीच्या पिढीने पाडली. कॅथरीन बीचर या बाईंनी १८४० च्या दशकात पूर्वेकडच्या गावोगावी सांगितलं की पश्चिमेला मुलं आहेत आणि शिकवणारं कोणी नाही, तिकडे न्यू इंग्लंडमधल्या शिकलेल्या अविवाहित मुली घरात बसून आहेत. त्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या मंडळाने १८४७ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत सहाशेच्या आसपास शिक्षिका पश्चिमेला धाडल्या. काही आठवड्यांचं शिक्षण, एक ट्रंक, आणि बोटीचा प्रवास. तुझ्या काळापर्यंत मुली पूर्वेकडून आणाव्या लागत नाहीत. वसाहतवाल्यांच्या मुलीच मोठ्या होतात, परीक्षा देतात आणि शेजारच्या परगण्यात बाई होतात. पेरू गावी नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा, आहे १८६७ पासून, पण तिथे जाऊन शिकण्याइतके पैसे तुझ्याकडे कुठले. तू उन्हाळ्यात शिक्षकांच्या वर्गाला बसलीस, परगण्याच्या अधीक्षकाने परीक्षा घेतली, तिसऱ्या श्रेणीचं प्रमाणपत्र हातात दिलं. शुद्धलेखन, वाचन, अक्षर, अंकगणित, भूगोल, व्याकरण, इतिहास यांची परीक्षा झाली. वादळात काय करायचं, हे कोणी विचारलं नाही.

मुलं आली. अकरा आहेत, सहा वर्षांपासून सतरा वर्षांपर्यंत. सतरा वर्षांचा मुलगा तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. मक्याची सोलणी संपली की असे थोराड मुलगे शाळेत येतात, मार्चमध्ये नांगर जुंपले की जातात. काही शाळांत त्यांनी मास्तरला उचलून बाहेर ठेवल्याच्या गोष्टी तू ऐकल्या आहेत. पहिल्या आठवड्यात या मुलाने तुला पारखून पाहिलं, सारखा हसत राहिला. तू त्याला छडी दाखवली नाहीस. गायीच्या धान्याचा, गाडीभर मक्याच्या भावाचा हिशेब त्याच्यापुढे ठेवलास. त्याच्या बापाला व्यापारी दरवेळी फसवतो, हे त्याला ठाऊक होतं. भागाकार आला तसा तो हसायचा थांबला.

लहान मुलांची अडचण वेगळीच. दोघं चेक घरातली, तिघं डॅनिश, दोन पोलिश भाऊ. घरी इंग्रजीचा शब्द नाही. सहा वर्षांची डॅनिश मुलगी तीन आठवडे एकही शब्द बोलली नाही. ती फक्त बघायची. तू बादलीकडे बोट दाखवून बादलीचं नाव घ्यायचीस, दाराचं घ्यायचीस, बर्फाचं घ्यायचीस. मग एके दिवशी तिने तुझा हात धरून तुला दारात नेलं, बाहेर बोट दाखवलं आणि बर्फाचं नाव आपल्या भाषेत सांगून तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तू ते म्हटलंस. चुकलं. तिने पुन्हा सांगितलं. तू पुन्हा म्हटलंस. त्या दिवसापासून ती इंग्रजी बोलायला लागली. जिनोआच्या शाळेत असं झालं नसतं, आणि म्हणून मला हा क्षण तुझ्या सगळ्या हिवाळ्यातला मोलाचा वाटतो.

पुस्तकं ज्याच्या घरात जी असतील ती. कोणाकडे मॅकगफीचं वाचनपुस्तक, कोणाकडे बायबल, कोणाकडे पंचांगवजा छापील वही. म्हणून वर्ग असा नाहीच. एकेकाला किंवा दोघांना पुढच्या बाकावर बोलवायचं, त्यांचा पाठ ऐकायचा, तेवढ्यात बाकीच्यांनी पाटीवर काम करायचं. लाकडी फळ्यांना काळा रंग फासून केलेला फळा आहे. पाणी प्यायला एका बादलीत एकच डाव, एकाला खोकला झाला की सगळ्यांना होतो. शुक्रवारी संध्याकाळी स्पेलिंगची चढाओढ. त्याला पालकसुद्धा गाड्या जुंपून येतात. दहा मैलांत दुसरी करमणूक नाही. थकलेली, हात फाटलेली माणसं कंदिलाच्या उजेडात बसून आपल्या मुलाने अवघड शब्द बरोबर सांगितला की मोठ्याने हसतात.

नाताळ झाला. नवं साल लागलं. जानेवारीचा पहिला आठवडा असा कडाक्याचा की पाच मुलंही येईनात. आणि मग १२ जानेवारीला, गुरुवारी, सकाळी दार उघडलंस तर हवा सैल झालेली. छपरावरून पाणी ठिबकतंय. इतक्या दिवसांनी ऊब लागल्यावर माणसं कोट न घालता गोठ्यांत गेली, गुरं माळावर सोडली, मुलं पातळ जाकिटात शाळेला आली. अकराच्या अकरा हजर. तुझ्या हिवाळ्यातला हा सगळ्यात आनंदाचा पट.

उत्तरेकडे सेंट पॉलमध्ये सैन्याच्या सिग्नल कोअरची कचेरी आहे. देशाचं हवामान पाहण्याचं काम त्या वेळी सैन्याकडेच होतं. तिथे लेफ्टनंट थॉमस वुड्रफ तारेने येणारे आकडे नकाशावर मांडतो आहे. थंडीची लाट दक्षिणेकडे सरकते आहे हे नकाशावर दिसतंय. असा इशारा निघाला की रेल्वे स्टेशनांवर झेंडा चढतो: पांढऱ्यात काळा चौकोन. पण तुझ्या शाळेपासून स्टेशन इतकं लांब की तो झेंडा वेळेवर चढला असता तरी तुला दिसला नसता. आणि तो बहुतेक ठिकाणी वेळेवर चढलाही नाही.

मधली सुट्टी संपत आली आहे. मुलं बाहेर आहेत. वारा थांबतो. पहिल्यांदा तुला तेच जाणवतं, कारण इथे वारा थांबत नाही. तू वायव्येकडे बघतेस. क्षितिजावर एक करडी भिंत आहे, जमिनीपासून वरपर्यंत, आणि ती जागा बदलते आहे. थोराड मुलगा म्हणतो, "टीचर, ते बघा." दुसरं वाक्य बोलायच्या आत आवाज येतो. मुलांना आत ओढ. एकेकाला दंडाला धरून ओढ. मोज. अकरा. पुन्हा मोज.

दार लावताना वाऱ्याने ते हातातून हिसकावलं, दोघांनी खांदा लावला तेव्हा कडी बसली. खिडकी पांढरी झाली आणि मग काळवंडली. दुपारची वेळ, आणि तुला शेवटच्या बाकावरचा चेहरा दिसत नाही. हा नेहमीचा बर्फ नाही. पिठासारखा बारीक आहे, दाराच्या फटीतून, चौकटीच्या खिळ्याच्या भोकातून आत येतो आणि हवेत तरंगत राहतो. बाहेर तो नाकातोंडात जातो, पापण्यांवर गोठतो, पापण्या चिकटतात. स्टोव्हला हात लावलास तर ठिणगी उडते. हवेतच वीज भरली आहे. त्या दिवशी कित्येकांनी हे पाहिलं आणि नंतर लिहून ठेवलं.

आता ठरव.

तुझ्याकडे तीन वाटा आहेत. मुलांना घरी सोडायचं, त्यांना घेऊन सगळ्यात जवळच्या घराकडे निघायचं, किंवा इथेच थांबायचं. त्या दुपारी डाकोटा आणि नेब्रास्काभर, शेकडो शाळांत, तुझ्या वयाच्या मुली याच तीन वाटांसमोर उभ्या आहेत. कोणाला विचारायची सोय नाही. शेजारच्या शाळेतल्या बाईने काय केलं, हे आठवडाभर कळणार नाही.

खोक्यात बघ. कणसं तासाभराची. गवताच्या जुड्या तितक्याच. गोवऱ्या थोड्या. कोळसा आलेला नाही.

थोराड मुलगा टोपी घालतो. गुरं माळावर आहेत, बाप गावाला गेलाय, आई एकटी आहे. अर्धा मैल, वाट पाठ आहे, तो म्हणतो. तू दाराला पाठ लावून उभी राहतेस. तो तुला सहज बाजूला सारू शकतो, हे दोघांना माहीत आहे. त्या दिवशी मेलेल्यांत कितीतरी जण असेच होते, गुरांमागे निघालेले, गोठा आणि घर यांच्यामध्ये वाट चुकलेले. तुला हे अजून माहीत नाही. तू फक्त म्हणतेस, "बाक फोडायला मला तू हवायस. या बाकीच्यांच्यात ताकद नाही." तो थोडा वेळ तसाच उभा राहतो. मग टोपी काढतो.

पहिला बाक चारच्या सुमारास. दुसरा अंधार पडल्यावर. मग पाठ ऐकायचा बाक, मग तुझं टेबल. भिंती दोन फूट जाड आहेत, माळवद जड आहे, ते उडत नाही. लाकडी शाळा असती तर वारा फटींतून आला असता. या मातीच्या शाळेने तुला वाचवलं. सगळ्यांना स्टोव्हभोवती गोल बसव, लहानांना मधे. डब्यांतलं उरलेलं सगळं एकत्र करून वाटून टाक. झोपू द्यायचं नाही. स्पेलिंग घे, पाढे घे, पुन्हा घे. उठून गोल चालायला लाव, गाणी म्हणायला लाव, चेक गाणं, डॅनिश गाणं, जे येईल ते. डॅनिश मुलगी तुझ्या शालीत. तिची बोटं तुझ्या काखेत धर. मध्यरात्रीनंतर बाहेरचं तापमान कित्येक ठिकाणी उणे २० फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे उणे २९ सेल्सियसच्याही खाली जातं. तुझ्याकडे थर्मामीटर नाही. बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलंय, यावरून तुला जे कळायचं ते कळतं.

शुक्रवारी सकाळी आकाश निळं, लख्ख, आणि थंडी अशी की श्वास घेतला की छातीत दुखतं. सगळ्यात आधी पोलिश भावांचा बाप येतो. काही बोलत नाही, दोन्ही पोरांना कोटाच्या आत घेतो, मग तुझ्याकडे वळून आपल्या भाषेत बराच वेळ बोलतो. तुला एकही शब्द कळत नाही. थोराड मुलाची आई जिवंत आहे. गुरं अर्धी गेली. अकरा मुलं घरी पोचली. दोघांच्या पायांची बोटं काळी पडली, त्यांतलं एक बोट पुढे काढावं लागलं.

मग बातम्या यायला लागतात, हळूहळू, दिवसांमागून दिवस.

ऑर्डजवळ, मायरा खोऱ्यातल्या मातीच्याच शाळेत मिनी फ्रीमन ही तुझ्याच वयाची. वाऱ्याने तिचं दार नेलं, मग छप्पर नेलं. तिला थांबायचा पर्यायच उरला नाही. ती सगळ्या मुलांना घेऊन निघाली आणि शेतघरापर्यंत पोचली. कोणी दगावलं नाही. मुलांना तिने दोरीने बांधलं होतं, असं जगाला माहीत आहे. दोरी खरोखर होती का, याबद्दल मागाहूनच्या आठवणी जुळत नाहीत. मुलं किती, तेही कुठे तेरा, कुठे सोळा.

प्लेनव्ह्यूजवळ लोइस रॉइस. तीही एकोणीस. तिच्याकडे त्या वेळी तीनच मुलं होती, नऊ वर्षांची आणि त्याहून लहान. दुपारी तिचं सरपण संपलं. ती राहत होती ते घर शाळेपासून दोनशे यार्डांच्याही आत होतं. ती तिघांना घेऊन निघाली आणि घर सापडलं नाही. रात्रभर ती त्यांना अंगाखाली घेऊन माळावर पडून राहिली. तिन्ही मुलं एकामागून एक गेली. सकाळी ती रांगत जवळच्या घरी पोचली. तिचे पाय कापावे लागले.

होल्ट परगण्यात एटा शॅटक. ती पगाराच्या ऑर्डरवर सही घ्यायला निघाली होती. सही. वादळात वाट गेली, कुंपण हाताला लागलं, मग गवताची गंज. गंजीत हाताने भोक पाडून ती आत शिरली आणि गुरुवारपासून रविवारपर्यंत, ७८ तास, तिथेच होती. शेतकऱ्याला ती सापडली तेव्हा जिवंत होती. पाय कापले, तरी फेब्रुवारीच्या ६ तारखेला ती गेली. घराला तिच्या पंचवीस डॉलरांचा आधार होता.

ओमाहा बी या दैनिकाने या मुलींसाठी निधी उभारला. देशभरातून पैसे आले. मिनी फ्रीमनवर गाणं निघालं, तिला सोन्याचं घड्याळ मिळालं, लग्नाच्या मागण्यांची पत्रं आली. जवळजवळ ऐंशी वर्षांनी, १९६७ मध्ये, लिंकनच्या राज्य कॅपिटलमध्ये जीन रेनल या कलावतीचं मोझेइक बसलं. त्यात ती बर्फातून मुलांना दोरीने नेते आहे. मेलेल्यांचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा २३५. खरा याहून मोठा असावा असं अनेक अभ्यासक मानतात. त्यांत शाळकरी मुलं इतकी होती की ते वादळ पोरांचं वादळ म्हणूनच ओळखलं जातं.

मला या गौरवाबद्दल राग आहे, आणि तो मी लपवत नाही. मिनीवर नाही, ती शूर होती. पण त्या दुपारी लोइसनेही धीरच दाखवला, एटानेही दाखवला. वादळ कधी पोचलं, घर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला होतं, खोक्यात सरपण किती होतं, यावर एकीच्या वाट्याला घड्याळ आलं आणि एकीच्या वाट्याला तीन मेलेली मुलं. या मुलींना नायिका म्हणणं स्वस्त पडत होतं. कोळसा महाग होता. शंभर वर्षं मोझेइक आणि गाणी झाली, आणि त्या शाळांच्या समित्यांनी नोव्हेंबरात सरपण का भरलं नव्हतं, हा साधा प्रश्न कोणी मोठ्याने विचारलेला मला फारसा आढळत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीवर सगळ्या वस्तीची मुलं सोपवायची, तिला पुरुषापेक्षा कमी पैसे द्यायचे, तिच्या स्टोव्हची काळजी तिच्यावरच टाकायची, आणि ती तरली की तिचं कौतुक करायचं.

पण तू अजून १८८८ मध्येच आहेस. मार्च संपत आलाय, चिखल झालाय, मोठी मुलं नांगरामागे गेली. पुढच्या हिवाळ्याचा करार घेऊन डायरेक्टर आलेत. तुझ्या सध्याच्या घरमालकिणीच्या टेबलावर ते कागद पसरतात. पगार तोच, पंचवीस. फोडलेल्या बाकांबद्दल ते काही बोलत नाहीत, एवढी लाज त्यांना आहे. त्यांची धाकटी मुलगी त्या रात्री स्टोव्हपाशी होती.

"इथे सही करा, मिस," ते म्हणतात.

तू कागद वाचतेस. शेवटपर्यंत. मग तो त्यांच्याकडे परत सरकवतेस.

"कोळसा लिहा."

"कोळसा येईलच की."

"येणारच आहे तर लिहायला काय हरकत? एक टन. नोव्हेंबरच्या एक तारखेच्या आत, शाळेच्या दाराशी."

ते घरमालकिणीकडे बघतात. ती भांडी घासता घासता थांबली आहे आणि त्यांच्याकडेच बघते आहे. ते खिशातून पेन्सिल काढतात, तिचं टोक जिभेला लावतात आणि लिहितात. लिहिताना तू त्यांना अजून एक ओळ सांगतेस: महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ऑर्डर सह्या करून शाळेत आणून द्यायची. बाई सह्यांसाठी चालत येणार नाहीत.

"हे कशाला?" ते विचारतात, आणि विचारता विचारताच त्यांना होल्ट परगणा आठवतो. ते खाली बघून तेही लिहितात.